सांगली-साताऱ्याहून दुबईला: विमानाचं अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरातून निघायची वेळ कशी काढायची

नेटवर ‘सांगली ते दुबई अंतर’ शोधलं की २,२०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो आणि खाली ‘विमानाने पावणेतीन तास’ असं लिहिलेलं असतं. आकडा चुकीचा नाही, पण उपयोगाचाही नाही. सांगलीच्या मध्यापासून दुबईच्या मध्यापर्यंत सरळ रेघ मारून ती विमानाच्या सरासरी वेगाने भागलेली असते. त्या रेघेवरून कुठलंही विमान उडत नाही. प्रत्यक्षात सांगलीकराच्या दारापासून दुबई विमानतळाच्या बाहेर पडेपर्यंत सतरा तासांच्या वर वेळ जातो आणि त्यात उड्डाण असतं जेमतेम सव्वातीन तासांचं.

चुका ठरलेल्याच होतात: विमानतळ भलताच धरणं, दोन देशांच्या घड्याळांतला फरक उलटा लावणं, मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख चुकवणं आणि रस्त्याला राखीव वेळ न ठेवणं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. उदाहरण मुंबई-दुबईचं आहे, पण रीत सिंगापूर, बँकॉक, दोहा, जेद्दा कुठेही तीच.

## १. कागदावर आधी चार नोंदी करा

तिकीट समोर घ्या (काढलेलं नसेल तर कंपनीच्या पानावरची माहिती) आणि हे लिहून ठेवा:

- निघण्याच्या आणि उतरण्याच्या विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह
- दोन्हीकडचं टर्मिनल
- निघण्याची तारीख व वेळ, उतरण्याची तारीख व वेळ, चोवीस तासांच्या घड्याळात
- दोन्ही ठिकाणच्या प्रमाणवेळेतला फरक

पहिली नोंद हलक्यात घेऊ नका. ‘मुंबई’ म्हणजे आता एकच विमानतळ राहिलेला नाही. बीओएम म्हणजे अंधेरी-सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. एनएमआय म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झालेला, पनवेल-उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ. द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला नवी मुंबईचा विमानतळ आधी लागतो आणि अंधेरी गाठायला त्यापुढे खाडी ओलांडून शहरातली वाहतूक पार करावी लागते. दुबईतही तसंच: डीएक्सबी हा शहरातला मुख्य विमानतळ, डीडब्ल्यूसी हा दक्षिणेकडचा अल मक्तूम विमानतळ, आणि एसएचजे म्हणजे शेजारच्या अमिरातीतलं शारजा. स्वस्त तिकीट पुष्कळदा शारजाचं निघतं आणि घ्यायला येणारा पाहुणा डीएक्सबीवर उभा असतो.

पडताळा: तिकिटावर गावाचं नाव वाचून थांबू नका. चिन्ह आणि टर्मिनल दोन्ही वाचा. डीएक्सबीचं टर्मिनल २ हे १ आणि ३ पासून धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे, तिथे चालत जाता येत नाही.

## २. हवाई अंतर स्वतः काढून बघा

एकदा हाताने अंतर काढलं की नेटवरच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई (बीओएम): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दुबई (डीएक्सबी): २५.२५ उत्तर, ५५.३६ पूर्व.

१. अक्षांशांतला फरक: २५.२५ − १९.०९ = ६.१६. त्याला १११.२ ने गुणा (एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.२ किमी): ६८५ किमी. हा उत्तर-दक्षिण भाग.

२. रेखांशांतला फरक: ७२.८७ − ५५.३६ = १७.५१. त्याला १११.२ ने गुणा: १,९४७.

३. रेखांशांमधली जागा ध्रुवाकडे जाताना आक्रसत जाते, म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी (२२.१७) घेऊन तिच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं ‘cos’ बटण), म्हणजे ०.९२६ ने गुणा: १,८०३ किमी. हा पूर्व-पश्चिम भाग.

४. दोन्ही भागांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: सुमारे १,९२९ किमी.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, मोबाइलचा कॅल्क्युलेटर कधी कधी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या मापावर) असतो. तसा असेल तर २२.१७ चा कोसाइन उणे ०.९८ येतो. उणे दिसलं की समजा, तो अंशांवर आणायचा राहिला. दुसरं, नकाशावर २५ अंश १५ मिनिटं लिहिलेलं असतं ते २५.१५ नव्हे, २५.२५ असतं, कारण १५ मिनिटं म्हणजे पाव अंश. तिसरं, तिसऱ्या टप्प्यातला कोसाइन विसरला तर उत्तर शंभरावर किलोमीटरने फुगतं.

ही सोपी रीत तीन-चार हजार किलोमीटरपर्यंत चालते. त्यापुढे पृथ्वीच्या गोलाईचा परिणाम वाढतो. मुंबई-टोकियो (नारिता) याच रीतीने काढलं तर ६,९१७ किमी येतं, तर गोलावरचं खरं लघुतम अंतर सुमारे ६,७९० किमी आहे. एवढ्या लांबच्या शहरांसाठी विमानतळाची चिन्हं टाकून अंतर देणारं संकेतस्थळच वापरा.

मुंबईहून इतर काही अंतरं, पडताळ्यापुरती: दोहा सुमारे २,२९० किमी, बँकॉक ३,०२०, जेद्दा ३,५१०, सिंगापूर ३,९०० च्या जरासं वर. काही ठिकाणी अंतर मैलांत किंवा सागरी मैलांत दिलेलं असतं. मैलाला १.६०९ ने आणि सागरी मैलाला १.८५२ ने गुणा. मुंबई-दुबईसाठी १,२०० आणि १,०४० असे दोन वेगळे आकडे दिसले तर दोन्ही बरोबर असतात, फक्त मापं वेगळी.

## ३. अंतरावरून उड्डाणाचा वेळ

या मार्गावर बहुतांश एका रांगेत सहा आसनांची, मधे एकच वाट असलेली जेट विमानं उडतात. ती उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किमी वेगाने जातात. मग १,९२९ भागिले ८३० म्हणजे २.३२ तास.

सावध: २.३२ तास म्हणजे दोन तास बत्तीस मिनिटं नव्हेत. दशांश भागाला ६० ने गुणा. ०.३२ गुणिले ६० म्हणजे १९ मिनिटं, म्हणून २ तास १९ मिनिटं. ही चूक इतकी सर्रास होते की हिशेब मांडल्यावर दर वेळी तेवढीच ओळ पुन्हा तपासावी.

पण तिकिटावर २ तास १९ मिनिटं कधीच दिसणार नाहीत. तिकिटावरचा वेळ ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा हा वेळ. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, हळू वेगाने चढणं-उतरणं, सरळ रेघ सोडून ठरलेल्या हवाई मार्गाने जाणं हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते.

कामचलाऊ नियम: अंतर भागिले ८३०, अधिक ४५ मिनिटं. मुंबई-दुबईला ३ तास ४ मिनिटं येतात. आता वारा जमेस धरा. भारत आणि आखातावर हिवाळ्यात, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. समोरून ताशी ६० किमीचा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ७७० होतो आणि हवेतले २ तास ३० मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ८९० आणि वेळ २ तास १० मिनिटं. म्हणून जाताना सव्वातीन ते साडेतीन तास आणि येताना तीनच्या आसपास असं वेळापत्रकात दिसतं. अंतर तेच असतं.

तोच नियम सिंगापूरला लावला तर साडेपाच तास येतात, बँकॉकला ४ तास २० मिनिटांच्या पुढेमागे, दोहाला साडेतीन तास अधिक समोरच्या वाऱ्याची पंधरा मिनिटं. वेळापत्रक याच्या जवळपास जुळतं. जुळलं नाही, म्हणजे तास-दीड तासाचा फरक आला, तर तीन शक्यता तपासा: विमान मध्ये कुठे थांबतंय, घड्याळाचा फरक लावायचा राहिलाय, किंवा विमान वळसा घेऊन जातंय. तिसरी शक्यता हल्ली खरी ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या उड्डाणांचे वेळ लांबले. मुंबई-दुबईचा मार्ग बराचसा अरबी समुद्रावरून जातो, म्हणून त्याला त्या बंदीची झळ कमी. पण आखातात तणाव वाढला की तिथली हद्दही बंद होऊ शकते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीकडून खात्री करावी.

## ४. घड्याळांचा फरक लावा

तिकिटावरची प्रत्येक वेळ ज्या त्या गावची स्थानिक वेळ असते. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या चुका संपतात.

भारत जागतिक वेळेच्या ५:३० तास पुढे आहे. दुबई आणि मस्कत ४ तास पुढे, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे. दोहा, कुवेत, रियाध, जेद्दा अडीच तास मागे. बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर आणि क्वालालंपूर अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे. काठमांडू फक्त १५ मिनिटं पुढे. कोलंबोची वेळ आपलीच. यापैकी कुठेही उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.

रीत एकच: उतरण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

- मुंबई ०४:३० ला सुटलं, दुबई ०६:१० ला उतरलं. नुसती वजाबाकी केली तर १ तास ४० मिनिटं. दुबईचे ०६:१० म्हणजे आपले ०७:४०. खरा वेळ ३ तास १० मिनिटं.
- परतीला दुबई १०:००, मुंबई १४:३०. दिसायला साडेचार तास. दुबईचे १०:०० म्हणजे आपले ११:३०. खरा वेळ ३ तास.
- मुंबई २३:३०, सिंगापूर दुसऱ्या दिवशी ०७:३०. दिसायला आठ तास, पण सिंगापूरचे ०७:३० म्हणजे आपले ०५:००. खरा वेळ साडेपाच तास.

पडताळा: जाण्या-येण्याचे दोन्ही वेळ काढा. दुबईसाठी दोन्हींत पंधरा-वीस मिनिटांचा, फार तर अर्ध्या तासाचा फरक यावा. तीन तासांचा फरक आला तर एका बाजूला दीड तास उलटा लागला किंवा दोन्हीकडे लावायचाच राहिला.

## ५. तारीख पक्की करा

ही पायरी सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत महाग. आखातात जाणारी बरीच विमानं रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात मुंबई सोडतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर ते विमान १४ तारखेच्या जेवणानंतर, मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटांनी सुटतं. सांगलीतून निघायचं १४ ला, तेही सकाळी. पंधराच्या सकाळी बॅगा भरायला घेणाऱ्याचं विमान केव्हाच दुबईला पोचलेलं असतं. असं चुकलेलं विमान म्हणजे ‘नो-शो’. भाड्यातला बराच भाग बुडतो आणि एकाच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोही कंपनी रद्द करू शकते.

घरच्यांशी बोलताना ‘पंधराची फ्लाइट’ असं म्हणूच नका. ‘चौदाच्या रात्री, पंधरा उजाडायच्या आत’ असं सांगा आणि कॅलेंडरवर वाराचं नावही लिहा. भाड्याची गाडी ठरवताना गाडीवाल्याला विमानाची तारीख देऊ नका, दारातून निघायची तारीख आणि वेळ द्या. त्याला तेवढीच लागते.

सावध: ‘१२:३०’ असं नुसतं कुणी सांगितलं तर दुपार की मध्यरात्र ते तिकिटावरच वाचा. दुपारचे साडेबारा १२:३० आणि मध्यरात्रीनंतरचे ००:३०.

## ६. विमानाच्या वेळेपासून मागे मोजत या

सुरुवात घरापासून करू नका, विमान सुटण्याच्या वेळेपासून करा. वरचंच ०४:३० चं विमान घ्या, तारीख १५.

१. काउंटर बंद: आंतरराष्ट्रीय उड्डाणाला बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी, काही ७५ मिनिटं आधी चेक-इन बंद करतात. म्हणजे ०३:१५ ते ०३:३०. त्यानंतर विमान समोर उभं असलं तरी बॅग घेत नाहीत.

२. विमानतळावर पोचणं: तीन तास आधी, ०१:३०. बॅग देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी या तिन्ही रांगा पहाटेच्या वेळी लांबच असतात.

३. राखीव वेळ: सांगलीहून दोन तास, साताऱ्याहून दीड तास. हा वेळ जेवणासाठी नाही. रस्ता अडला तर वापरायचा आहे.

४. रस्ता: सांगली ते सहार साधारण ३८५ किमी, थांबे धरून आठ तास. सातारा ते सहार साधारण २६० किमी, साडेपाच तास.

म्हणजे सांगलीहून १४ तारखेला दुपारी १५:३० ला आणि साताऱ्याहून संध्याकाळी १८:३० ला निघायचं. दुबईला ०६:१० ला, म्हणजे आपल्या ०७:४० ला उतरून बाहेर पडायला सव्वा तास धरला तर सांगलीकराचा एकूण प्रवास १७ तास २५ मिनिटांचा झाला.

राखीव वेळ कुठे खर्च होतो तेही बघा. आष्ट्याहून पेठ नाक्याला महामार्ग लागेपर्यंत उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे रांगत जावं लागतं. पुढे सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे वळणरस्ते. खंबाटकीला पुण्याकडे जाताना बोगद्यातून जातो. तिथे एखादा ट्रक बंद पडला तर मागे किलोमीटरभर रांग लागते. पुण्यात नवले पूल आणि पुढचा बाह्यवळण रस्ता संध्याकाळी सहा ते नऊ तुंबलेला असतो. सांगलीहून १५:३० ला निघालेली गाडी नेमकी त्याच वेळी तिथे पोचते, म्हणून तीनेक तास आधी निघणं जास्त शहाणपणाचं. बोरघाटात रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी बाजू भरते. रविवारच्या रात्रीचं विमान असेल तर राखीव वेळात आणखी एक तास घाला.

## ७. मुंबईपर्यंत गाडीने न जाण्याचे तीन पर्याय

पुण्याहून थेट विमान. पुण्याहून दुबईचं हवाई अंतर सुमारे २,०५० किमी, मुंबईपेक्षा १२० किमी जास्त. हवेत नऊ मिनिटं वाढतात आणि रस्त्यावरचे दीडशे किलोमीटर वाचतात. सांगली-साताऱ्यासाठी हा हिशेब इतका सरळ आहे की तिकीट दोन-तीन हजारांनी महाग असलं तरी आधी पुण्याचंच बघावं. फक्त थेट उड्डाणं मोजकी असतात आणि वेळापत्रक हंगामानुसार बदलतं. बाह्यवळण सोडून लोहगावला जायला शहरातून तासाच्या वर लागतो, तोही धरा.

रेल्वे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली आणि सातारा दोन्हीकडून जाऊन सकाळी मुंबईत पोचते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून भुयारी मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टर्मिनल २ ला जाते, त्यामुळे रस्त्याची भानगड उरत नाही. दुपारी दोननंतरच्या विमानासाठी हे उत्तम, सकाळी दहाच्या विमानासाठी अजिबात नको. मध्यरात्री मेट्रो बंद असते. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तेही लक्षात घ्या.

कोल्हापूरहून जोडविमान. उजळाईवाडीचा विमानतळ सांगलीपासून साधारण ५० किमीवर, पण तिथून देशांतर्गत विमानंच आहेत. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर करत नाही. सामान घ्या, लागलं तर टर्मिनल बदला, पुन्हा चेक-इन करा. अशा वेळी मध्ये पाच-सहा तास ठेवा.

## ८. आणायला जाणाऱ्यांसाठी

परतीचं विमान १४:३० ला मुंबईत उतरणार असेल तर प्रवासी साडेतीन-चारच्या आधी बाहेर येत नाही. गाडी १४:३० ला दारात लावली तर दीड तासाचं पार्किंग फुकट भरावं लागतं. उतरण्याची वेळ तिकिटावर आधीच भारतीय वेळेत आहे. तिच्यात दीड तास पुन्हा मिळवू नका, ही चूक घरोघरी होते.

सांगलीहून आठ तास आधी, म्हणजे पहाटे सहा-साडेसहाला निघावं लागेल. पण दुबईहून विमान सुटतं आपल्या ११:३० ला, तोवर गाडी पुणे ओलांडून गेलेली असते. म्हणून विमान वेळेवर आहे का ते आदल्या रात्री, आणि मग पुण्याच्या अलीकडे खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर थांबून असं दोनदा बघा. उशीर असेल तर तिथेच थांबा, घाट उतरून मुंबईत वाट बघू नका.

आणि पहाटे उतरणाऱ्या विमानासाठी गाडी न्यायची असेल तर चालकाला दुपारी झोप मिळालीच पाहिजे. रात्रभर जागून मुंबई गाठलेल्या माणसाने लगेच तीच गाडी ३८५ किमी परत आणू नये. दुसरा चालक सोबत न्या, नाहीतर पनवेलच्या पुढे कुठेतरी दोन-तीन तास गाडी लावून झोपू द्या, आणि परतीचा रस्ता दहा ते अकरा तासांचा धरूनच घरी वेळ कळवा.